फेनबानवर सायकलने : आखेन ते त्रुआव्हिएर्झ

फेनबान म्हणजे जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गच्या उत्तर टोकावरच्या त्रुआव्हिएर्झपर्यंत जाणारा साधारण १२५ किलोमीटरचा सायकल मार्ग. मधला मोठा भाग बेल्जियममध्ये. जुन्या रेल्वेलाइनचे रूळ काढून त्यावर डांबर टाकलंय, गाड्यांना बंदी, आणि मुळात रेल्वे असल्यामुळे चढ फार तर दोन टक्के, म्हणजे कोपऱ्यावरून भाजी आणण्यापुरती सायकल चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही जमण्यासारखं. धाकटे दीर नोकरीनिमित्त आखेनला असतात, ते कधीपासून मागे लागले होते, "वहिनी, तुम्ही या तर खरं, चढ नाहीच." (आहे. दोन टक्के चढ दिवसभर चालवून बघा म्हणजे कळेल.) शेवटी मे महिन्याच्या अखेरीला मी, नवरा आणि भावजी असे तिघं निघालो. मी आणि नवऱ्याने इ-बाइक भाड्याने घेतल्या, भावजींनी स्वतःची साधी सायकल घेतली आणि पूर्ण ट्रिपभर ते आमच्या पुढेच होते.

थोडं रेल्वेबद्दल आधीच सांगते कारण त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. ही लाइन १८८०च्या दशकात प्रशियाने बांधली, आखेनकडचा कोळसा लक्झेंबर्गच्या पोलाद कारखान्यांना आणि तिकडचं लोखंड इकडे आणायला. तेव्हा हा सगळा भाग जर्मनीच. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहात ऑयपेन-मालमेदीचा भाग बेल्जियमला गेला आणि त्या भागाला जोडणारी म्हणून ही रेल्वेलाइनसुद्धा बेल्जियमला दिली गेली, जिथे ती जर्मनीतून जाते तिथेही! त्यामुळे लाइनच्या पश्चिमेला जर्मनीचे काही तुकडे अडकले, चहूबाजूंनी बेल्जियम आणि मध्ये जर्मन गाव, असे पाच तुकडे आजही आहेत. रेल्वे बंद पडली, रूळ गेले, तरी ती चिंचोळी पट्टी अजून बेल्जियमचीच. म्हणजे तुम्ही सायकलवर बेल्जियममध्ये असता, डाव्या हाताचं घर जर्मनीत आणि उजव्या हाताचं घर पण जर्मनीत. नवरा दर अर्ध्या तासाने मोबाइल काढून "आता कुठे?" बघायचा. मोबाइललाही नक्की ठरवता येत नव्हतं, दिवसभर "वेलकम टू बेल्जियम, वेलकम टू जर्मनी" असे मेसेज.

पहिला दिवस : आखेन ते लामर्सडॉर्फ

सुरुवात रोटे एर्डे स्टेशनजवळून. पहिले काही किलोमीटर शहराच्या मागच्या अंगाने, कारखान्यांच्या भिंती, शाळेत जाणारी पोरं, कुत्री फिरवणारे लोक. मग एकदम झाडी सुरू होते आणि शहर संपलं हे कळतसुद्धा नाही. कोर्नेलीम्युन्स्टरला पहिला थांबा, जुनं मठाचं गाव आहे, दगडी फरसबंदीचा चौक, त्याच्या कडेला कॅफे. तिथे आम्ही इतका वेळ बसलो की भावजी म्हणाले, "वहिनी, अजून दहा किलोमीटर पण नाही झालेत."

वालहाइमला चुन्याच्या जुन्या भट्ट्या आहेत, त्याच्या पुढे जंगल दाट होतं. आणि तिथून पुढच्या पट्ट्यातच पहिल्यांदा ते दिसले, काँक्रीटचे दात. झाडांमधून रांगेने, चार-पाच ओळींत, शेवाळाने हिरवेगार झालेले. ही जिगफ्रिड लाइन, जर्मन लोक हिला वेस्टवॉल म्हणतात. १९३८ ते ४०च्या दरम्यान हिटलरने हॉलंडच्या सीमेपासून स्वित्झर्लंडपर्यंत सुमारे ६३० किलोमीटर लांब अशी ही तटबंदी बांधून घेतली, दात रणगाडे अडवायला आणि मागे हजारो बंकर. वाचलं होतं सगळं, पण प्रत्यक्षात ते दात माझ्या कमरेपर्यंत येत होते आणि एकावर कोणीतरी सफरचंद खाऊन त्याचा गाभा ठेवला होता. पुढच्या दोन दातांच्या मधून एक बर्चचं झाड वर आलेलं, खोड तिथे दाबलं जाऊन चपटं झालंय आणि वर गेल्यावर परत गोल. काँक्रीट फोडून काढणं परवडत नाही म्हणून शेतांमधूनसुद्धा ते तसेच सोडलेत, गायी त्यांच्या मधून चरतात.

रोटगेन हे त्यापुढचं मोठं गाव. १२ सप्टेंबर १९४४ला अमेरिकन सैन्य इथे शिरलं, पश्चिमेकडून दोस्त राष्ट्रांच्या हातात पडलेलं हे पहिलं जर्मन गाव. तसं बघायला काही नाही. बेकरी आहे, आइस्क्रीमवाला आहे, आइस्क्रीमवाल्याकडे सायकलवाल्यांची लाइन आहे. आमच्या मागे सत्तरीच्या पुढच्या चार जर्मन बायका होत्या, सगळ्यांच्या सायकली एकसारख्या, सगळ्यांची हेल्मेट एकसारखी, त्यांनी मला विचारलं कुठून आलात, मी म्हटलं भारत, तर एकीने गंभीरपणे विचारलं, "सायकलने?"

मुक्काम लामर्सडॉर्फला. रात्री जेवायला किसलेल्या बटाट्याचे गरम राइबेकुखेन, बरोबर सफरचंदाचा गोड गर. तळलेल्या तिखट-खारट गोष्टीबरोबर गोड गर कसा लागेल म्हणून नवरा नाक मुरडत होता, नंतर दुसरी प्लेट त्यानेच मागवली.

टिप : जर्मनीत रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघड्या असतात तेवढंच, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच खाऊ-पाणी भरून ठेवा. पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत झाडांना घालायला नळ असतो, पण "पिण्याचं पाणी नाही" अशी पाटी आहे का ते आधी बघा.

दुसरा दिवस : काल्ल ओढ्याचं खोरं, फोसेनाक, मोन्शाउ

हा दिवस फेनबानवरचा नाही, मुद्दाम वाट वाकडी केली. लामर्सडॉर्फजवळून काल्ल नावाचा ओढा निघतो आणि ह्युर्टगेनच्या जंगलातून खाली जातो, त्याच्या काठाकाठाने वनखात्याची कच्ची वाट आहे. गाड्या नाहीतच. सकाळी सात वाजता निघालो तेव्हा खोऱ्यात धुकं, ओढ्याचा आवाज, कोकिळा (हो, कोकीळ, युरोपातली, ती घड्याळातल्यासारखंच ओरडते), आणि ओल्या स्प्रूसचा वास. स्वेटर घालूनसुद्धा बोटं गार पडली होती.

आणि इथे मला एक गोष्ट खटकायला लागली. जंगल एवढं जुनं आणि दाट म्हणतात, पण झाडं सगळी एकाच वयाची. एकाच उंचीची, एकाच जाडीची, ओळीत लावल्यासारखी. भावजींना विचारलं तर म्हणाले, "ओळीत लावलेलीच आहेत. जुनं जंगल राहिलंच नाही."

सप्टेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५, पाच महिने इथे लढाई चालली. अमेरिकन तोफखाना आणि विमानं जास्त, पण जंगलात त्याचा उपयोग नाही. उलट जर्मन तोफांचे गोळे झाडांच्या शेंड्यांना लागूनच फुटायचे आणि वरून लोखंडाबरोबर लाकडाच्या ढलप्यांचाही पाऊस पडायचा. जमिनीवर आडवं पडावं ही सैनिकाची पहिली शिकवण, ती इथे जीवघेणी ठरली, कारण मारा वरून येत होता, म्हणून झाडाच्या बुंध्याला मिठी मारून उभं राहायचं. त्यात पाऊस, चिखल, मग बर्फ, पाय सडण्याचा आजार. युद्ध संपल्यावर उरलेलं जंगल आगीत गेलं आणि मग सगळी नवी लागवड. लाकूड कापणारे लोक इकडच्या जुन्या खोडांना अजून घाबरतात म्हणे, आतून लोखंडाचा तुकडा निघाला तर करवतीचं पातं जातं.

जिमोन्सकाल हे घडीभरात संपणारं गाव ओलांडून पुढे काल्लवरच्या पुलाशी पोचलो. २ नोव्हेंबर १९४४ला अमेरिकेची २८वी डिव्हिजन फोसेनाकहून या खोऱ्यात उतरून पलीकडच्या श्मिट गावाकडे निघाली. वाट एवढी अरुंद की रणगाडे घसरून अडकले. एका शर्मन रणगाड्याच्या साखळीचे तुकडे अजून त्या वाटेत रुतलेले आहेत, आम्ही सायकली हातात धरून त्यावरूनच चढलो. श्मिट घेतलं, दुसऱ्याच दिवशी गेलं, आणि माणसं या खोऱ्यात अडकली. तेव्हा ग्युंटर श्ट्युटगेन नावाच्या जर्मन लष्करी डॉक्टरने समोरच्या अमेरिकनांशी बोलून थोडा थोडा वेळ गोळीबार थांबवला आणि पुलाजवळ दोन्ही बाजूंच्या जखमींवर एकत्र उपचार झाले. पुलावर त्याचं लहानसं शिल्प आहे, २००४ साली बसवलेलं. त्या पुलावर बसून आम्ही भावजींनी डब्यात आणलेले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. तेवढ्यात एक शाळेची ट्रिप आली, तीसेक पोरं, त्यांचे सर पुलावर उभे राहून काहीतरी सांगत होते आणि मागची दोन पोरं ओढ्यात दगड टाकून कोणाचा जास्त उडतो बघत होती.

वर फोसेनाकला जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, दोन हजारांवर कबरी. युलिउस एरास्मुस नावाचा एक माजी कॅप्टन युद्धानंतर आपलं उद्ध्वस्त घर बघायला इकडे परत आला तर जंगलात सगळीकडे तशीच पडलेली प्रेतं. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्याने एकट्याने सुरुवात केली, सुरुंगांनी भरलेल्या जंगलात शिरून एकेक माणूस बाहेर आणायचा, ओळख पटवायचा, पुरायचा. १,५६९ जण. पुढे ही दफनभूमी झाली. इथेच फील्ड मार्शल मोडेलचीही कबर आहे, शिपायांसारखाच साधा दगड, नाव वाचलं नाही तर कळणारही नाही.

फोसेनाकहून समोर श्मिटच्या चर्चचा मनोरा दिसतो. त्याचं टोपणनाव "सांक्ट मोका", म्हणजे कॉफीवाले संत. युद्धानंतर जर्मनीत कॉफीवर प्रचंड कर होता, बेल्जियममध्ये स्वस्त, आणि इथे सीमा अशी जंगलातून वेडीवाकडी गेलेली! सगळी गावं स्मगलिंगमध्ये, म्हातारी माणसं, पोरं, कोणी मागे नाही. मोडलेलं चर्च परत उभं राहिलं त्यात या कॉफीच्या पैशाचा मोठा हात होता. पाठलाग करणाऱ्या कस्टमच्या गाड्या पंक्चर करायला स्मगलर रस्त्यावर लोखंडी काटे टाकायचे, म्हणून मग कस्टमवाल्यांनी पोर्शे गाड्यांना पुढे झाडू बसवून घेतले. पोर्शेला झाडू! नवऱ्याला युद्धाच्या सगळ्या इतिहासापेक्षा हेच जास्त आवडलं, आल्यापासून त्याने हा किस्सा किमान दहा जणांना सांगितलाय. १९५३ला कर कमी झाला आणि धंदा बसला.

टिप, आणि ही खरंच पाळा : ह्युर्टगेनच्या जंगलात आखलेली वाट सोडू नका. दारूगोळा अजून सापडतो. आणि गवतात बसलात तर संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का नीट बघा, गुडघ्याच्या मागे, काखेत. मला एक मिळाली. चिमटा जवळ ठेवा.

दुपारी झिमेराटमार्गे परत वर आणि मग मोन्शाउ. माझी बॅटरी शेवटच्या दांडीवर. मोन्शाउचं जुनं स्टेशन वर पठारावर आणि गाव खाली रूर नदीच्या घळीत, त्यामुळे उतरताना हँडल घट्ट धरून ब्रेक दाबत दाबत आणि सकाळी परत तेवढंच चढायचं ही चिंता.

पण गाव! लाकडी चौकटीची, पाटीच्या दगडाच्या छपरांची, नदीवर ओणवी झालेली तीनशे वर्षांची घरं. कोर्नेलीम्युन्स्टर सोडलं तर कालपासून जी गावं बघितली ती बहुतेक पन्नास-साठच्या दशकातली, सरळ भिंतींची, आणि हे असं. डिसेंबर १९४४ला जर्मनांनी आर्देनमध्ये मोठा प्रतिहल्ला केला तेव्हा मोन्शाउवर तोफा डागू नका असा हुकूम होता, आणि हुकूम देणारा मोडेलच. दुपारी ज्याच्या कबरीपाशी उभे होतो तोच! चांगला माणूस होता असं मला मुळीच म्हणायचं नाहीये, पूर्वेकडच्या आघाडीवरचं त्याचं रेकॉर्ड वाचा हवं तर. पण ती घरं बघताना ते डोक्यात राहतंच.

मोन्शाउला मोहरीची जुनी गिरणी आहे, १८८२ची, मोहरीच्या वीस-एक चवी. अंजिराची घेतली, घरी ठेपल्याबरोबर मस्त लागते.

तिसरा दिवस : मोन्शाउ ते मालमेदी

सकाळी रिमझिम. घाट चढून परत फेनबानवर, आणि मग धुक्यात काहीच दिसेना, फक्त पुढच्या भावजींचा लाल दिवा. काल्टरहेरबेर्ग गावात घरांना बीचच्या झाडांची कुंपणं आहेत, साधी नाहीत, छपरापर्यंत पोचलेली, मध्ये दारासाठी आणि खिडक्यांसाठी चौकोन कापलेले. एक आजोबा शिडीवर चढून कापत होते. भावजींनी जर्मनमध्ये विचारलं एवढं उंच कशाला, तर आजोबांनी कात्री पश्चिमेकडे रोखली आणि म्हणाले, "तिकडून वारा येतो. माझ्या आजोबांनी लावलंय. वाऱ्याला माहितीये आमचं घर कुठे आहे." मग त्यांनी आम्हाला कापलेल्या फांद्यांचा ढीग दाखवून उचलायला मदत कराल का विचारलं आणि आम्ही पंधरा मिनिटं फांद्या उचलल्या. बदल्यात कॉफी मिळाली. (कायदेशीर.)

काल्टरहेरबेर्गपासून सूरब्रोटपर्यंत रूळ अजून आहेत. त्यावर पॅडल मारायच्या ट्रॉल्या चालतात, चार जण बसतात, दोघं पॅडल मारतात आणि बाकीचे दोघं सल्ले देतात. आम्ही बाजूच्या वाटेने जाताना त्यांना हात केले.

सूरब्रोटहून थोडं आत गेलं की हाय फेन्स म्हणजे उंच पठारावरची दलदल. बेल्जियमचं सगळ्यात उंच ठिकाण बोत्रांज इथेच, ६९४ मीटर, आणि ७०० व्हावेत म्हणून त्यावर सहा मीटरचा उंचवटा आणि पायऱ्या केल्यात, याला म्हणतात हौस. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे, सायकल बाहेर लावून चालत जायचं. मे-जूनमध्ये तिथे कापूसगवत फुलतं, नजर जाईल तिथपर्यंत पांढरे गोंडे, वाऱ्याबरोबर सगळे एका बाजूला. खाली पाय दाबला तर फळी पाणी सोडते. आमच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं, पाऊस होता म्हणून असेल. माझ्यासाठी पूर्ण ट्रिपमधला हा एक तास सगळ्यात वर. लाल झेंडा लावलेला असेल तर आत जाऊ नका, वणव्याच्या भीतीने बंद असतं.

वेमपासून फेनबान सोडून मालमेदीकडे जाणारी दुसरी जुनी लाइन आहे, तीसुद्धा आता सायकल मार्ग. पूर्ण उतार, पूर्ण जंगल, पॅडल न मारता गावात. एकदम भाषा बदलते, इथे फ्रेंच. भावजींचं जर्मन बंद, आमचं इंग्लिश बंद, हातवारे चालू.

संध्याकाळी फ्रिट्स खायला गेलो. इथे शाकाहारी लोकांनी लक्ष द्या : बेल्जियममध्ये बटाटे बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, तीच खरी पद्धत मानतात. आधी विचारा. तिसऱ्या टपरीत वनस्पती तेल मिळालं. टपरीवाली बाई म्हणाली तिच्या मते ते खरे फ्रिट्स नाहीत, पण दिले. काहीजण कार्ड घेत नाहीत, थोडे सुटे युरो ठेवा.

चौथा दिवस : बोन्ये, आणि मग सांक्ट फिट

मालमेदीच्या वर टेकडीवर बोन्येचा नाका. १७ डिसेंबर १९४४ला इथे एसएसच्या, म्हणजे नाझींच्या खास दलाच्या, पायपर गटाने शरण आलेल्या अमेरिकन सैनिकांना शेतात उभं करून गोळ्या घातल्या. ८४ जण मेले. प्रेतं बर्फाखाली राहिली, जानेवारीत तो भाग परत हातात आल्यावर सापडली. युद्धानंतर खटला चालला, त्रेचाळीस जणांना फाशीची शिक्षा झाली, एकालाही फाशी झाली नाही. गटाचा प्रमुख पायपर १९५६ला सुटला.

आता तिथे एक लांब दगडी भिंत आहे, प्रत्येकाच्या नावाची काळी पाटी. समोर रस्ता, हॉटेल, म्युझियम, बस थांबते. शेत शेतच आहे. मी पाट्यांवरची नावं वाचत निघाले, पूर्ण करायची होती, पण मध्येच नावं डोळ्यांपुढून नुसती सरकायला लागली तेव्हा थांबले.

आणि मालमेदीतल्या लोकांना याहूनही जास्त बोलायचं असतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. डिसेंबरच्या त्या जर्मन प्रतिहल्ल्यात हे गाव अमेरिकनांच्या हातातच राहिलं होतं, तरी २३, २४ आणि २५ डिसेंबर, सलग तीन दिवस अमेरिकन विमानांनीच चुकून इथे बॉम्ब टाकले. सकाळी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंना मी बोन्येचा रस्ता विचारला, त्यांनी नकाशावर खूण करून दिली आणि मग त्याच पेनने गावाच्या मध्यावर गोल केला आणि म्हणाल्या, "हे पण बघा. इथे कोणी बस थांबवत नाही."

वेमहून परत फेनबान. ऊन पडलं. मोंटेनाउला धुरावर वाळवलेला हॅम प्रसिद्ध आहे, भावजींनी घेतला, आम्ही वास घेतला. बोर्न गावात कमानींचा भलामोठा रेल्वे पूल दिसतो, १९१६चा, पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीकडे माणसं आणि दारूगोळा न्यायला बांधलेल्या फाट्यावरचा. पूल गावापेक्षा मोठा आहे. त्याच्या खाली कोणीतरी कपडे वाळत घातले होते.

सांक्ट फिट. परत जर्मन भाषा पण देश बेल्जियम. गाव नीटनेटकं, रुंद रस्ते, आणि परत तेच, काहीच जुनं नाही. बरेच रस्ते आणि रेल्वे इथे एकत्र येतात म्हणून डिसेंबर ४४मध्ये जर्मनांना ते लगेच हवं होतं, अमेरिकन जनरल ब्रूस क्लार्कच्या लोकांनी ते २१ तारखेपर्यंत अडवून धरलं, आणि त्या चार-पाच दिवसांनी जर्मनांचं सगळं वेळापत्रक बिघडलं. मग जर्मनांनी घेतलं, तर नाताळला आणि दुसऱ्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून ते पाडलं. २६ तारखेला एकट्या ब्रिटिशांची जवळपास तीनशे विमानं. उरला तो ब्युखेल नावाचा एक जुना बुरूज. आम्ही तो शोधत फिरलो आणि सापडल्यावर कळलं की त्याच्यासमोरून दोनदा गेलो होतो, एवढासा आहे.

राहायला ज्यांच्याकडे होतो त्या बाई सत्तरीच्या. संध्याकाळी त्यांनी त्यांच्या आजीबद्दल सांगितलं. जन्म जर्मनीत, १९२०ला बेल्जियन, १९४०ला परत जर्मन, युद्धानंतर परत बेल्जियन, आणि या सगळ्यात आजी एका घरातून हलली नाही. घर गेलं २६ डिसेंबरला. नवऱ्याने विचारलं, मग तुम्ही स्वतःला काय म्हणता? बाई म्हणाल्या, "इथली." आणि विचारलं की सकाळी अंडी किती मिनिटांची हवीत.

शेवटचा दिवस : सांक्ट फिट ते त्रुआव्हिएर्झ

हा सगळ्यात एकांताचा भाग. आधी उर नदीच्या खोऱ्यात उतार, मग बुर्ग-रॉयलांड, किल्ल्याचे अवशेष आणि खाली मूठभर घरं. सकाळपासून दोन तासांत आम्हाला भेटले ते एक ट्रॅक्टर (फाटकाशी) आणि एक हरीण. हरीण वाटेच्या मधोमध उभं होतं आणि ब्रेक दाबल्याचा आवाज आला तरी सावकाशच गेलं. उन्हात तापलेल्या रानातून पिवळ्या ब्रूम झुडपांचा वास, दोन्ही बाजूंना डोंगराच्या उतारावर फुललेली.

लेंगेलरजवळ जवळपास ८०० मीटरचा जुना बोगदा आहे पण तो वटवाघळांसाठी बंद, म्हणून वाट टेकडीवरून नेलीय. इथे मात्र दोन टक्के विसरा. इ-बाइक असूनही मी उतरून ढकलली. वर लक्झेंबर्गची सीमा, एक दगड. देशाचं सगळ्यात उंच ठिकाण क्नाइफ, ५६० मीटर, इथेच जवळ, एका शेताच्या कडेला. बराच काळ लोक ५५९ मीटरच्या दुसऱ्याच टेकडीला सगळ्यात उंच समजत होते. भावजी म्हणाले चला बघून येऊ. मी म्हटलं तुम्ही बघून या, मी सावलीत बसते.

त्रुआव्हिएर्झ स्टेशनवर मार्ग संपतो. लक्झेंबर्गमध्ये मार्च २०२०पासून सगळा सार्वजनिक प्रवास फुकट आहे (फर्स्ट क्लास सोडून), सायकलसुद्धा, म्हणून सायकली घेऊन सरळ क्लेरव्होला गेलो. किल्ल्याच्या अंगणात एक शर्मन रणगाडा ठेवलाय. १८ डिसेंबर १९४४ला मूठभर अमेरिकन सैनिक याच किल्ल्यात कोंडून लढले, किल्ला जळला, नंतर जसाच्या तसा परत बांधला. आतमध्ये आता एडवर्ड स्टाइकेनने जमवलेलं "द फॅमिली ऑफ मॅन" हे ५०३ फोटोंचं प्रदर्शन कायमचं आहे, स्टाइकेन मूळचा लक्झेंबर्गचाच. दमलेल्या पायांनी जाऊ नका, दोन तास हातात ठेवा. बाहेर रणगाडा आणि आत बाळांना झोपवणाऱ्या आया, हे मुद्दाम केलंय का योगायोग ते कळलं नाही, पण मला बाहेर यायचंच नव्हतं.

परतीला त्रुआव्हिएर्झहून लिएजची गाडी पकडायची आणि तिथून आखेन. बेल्जियमच्या हद्दीसाठी माणसाचं आणि सायकलचं तिकीट लागतं, फुकट फक्त लक्झेंबर्गच्या आत. उन्हाळी शनिवार-रविवारी सायकलच्या डब्यात मारामारी असते, आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधला दिवस धरला होता. सोमवार-मंगळवार म्युझियम बंद असतात हे मात्र क्लेरव्होच्या बाबतीत आधी तपासा, आमच्या दिवसांचा हिशोब पूर्ण ट्रिप भावजींकडेच होता. लिएजला गाडी बदलायला वेळ थोडा, पण प्लॅटफॉर्मवर लिफ्ट मोठ्या आहेत, तीन सायकली एकदम मावतात. गॉफ्र म्हणजे वॉफल खायला एक गाडी सोडली, गरम होती, साखरेचे खडे दाताखाली येत होते, आणि पुढची गाडी तासाने होतीच.